ईस्टरला न संपलेला उपवासकाळ

राखेचा बुधवार दरवर्षी आपली जागा बदलतो. कधी फेब्रुवारीत येतो, कधी मार्चमध्ये. पण कोलकात्यात तो नेहमी हवा फिरण्याच्या दिवसांतच येतो. सकाळी अंगावर शाल लागते आणि अकरा वाजता नकोशी होते. गंगेकडून येणारं धुकं थांबतं. रस्त्याकडेच्या पळसाला पानं नसतात, नुसती लाल फुलं असतात, आणि खाली धुळीत पडलेली फुलं तुडवली जाऊन काळी पडतात. त्या दिवशी आम्ही कॅथलिक माणसं चर्चमध्ये रांगेत उभी राहतो. फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात, माणूस मातीचा आहे याची आठवण करून देतात, आणि ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो.

यंदा रांगेत माझ्या पुढे एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. फादरांनी आधी तिच्या कपाळाला राख लावली, मग मुलाच्या. मुलाने हात वर नेला आणि राख डोळ्यांवर ओढून घेतली. आजूबाजूची माणसं हसली. मी हसले नाही. चार वर्षं झाली, तरी राख लावलेलं लहान मुलाचं कपाळ पाहिलं की मी दुसरीकडे बघते.

आम्ही मूळ वसईचे. माझा नवरा डॉमनिक सरकारी बँकेत आहे. त्याची बदली झाली म्हणून आम्ही इथे आलो आणि बेहालाला भाड्याने जागा घेतली. खाली पत्रा कापायचं एक छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर त्याचा आवाज चालू असतो आणि रविवारी तो थांबला की कानाला चुकल्यासारखं वाटतं. मला तेव्हा बंगाली येत नव्हतं. मराठी बोलायला एकच माणूस होतं, मागच्या इमारतीतल्या कुमुदताई. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला म्हणून इकडे आले आणि इथेच राहिले. कुमुदताईंचा जन्म इथला, त्यामुळे त्यांचं मराठी घरातलं आणि पुस्तकातलं, रस्त्यावरचं नव्हे. घरात गणपती, एकादशीचा उपास, सगळं नेमाने. पण नोकरी मात्र तीस वर्षं सिस्टरांच्या रुग्णालयात केली, बाळंतिणींच्या वॉर्डात. शेवटी मेट्रन होऊन निवृत्त झाल्या.

लग्नानंतर सहा वर्षांनी मला दिवस राहिले होते. विसाव्या आठवड्यातली मोठी सोनोग्राफी राखेच्या बुधवाराच्या आदल्या दिवशी होती. खोलीत अंधार होता. भिंतीवर, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, अशी पाटी होती. तपासणारे डॉक्टर बोलके होते. माझं गाव कुठलं, वसईला मासळी कुठली मिळते, इलिश मिळतो का, असं विचारत माझ्या पोटावरून यंत्र फिरवत होते. मग ते बोलायचे थांबले. आधी मला वाटलं, काही मोजत असतील. मग त्यांनी पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

मी विचारलं, "ठोके आहेत ना?"

"ठोके चांगले आहेत," ते म्हणाले. आणि हीच अडचण असावी, अशा स्वरात म्हणाले.

संध्याकाळी आमच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. बाई फार सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "बाळाच्या कवटीचा वरचा भाग तयार झालेला नाही. मेंदूही जवळजवळ नाही. यात तुमची दोघांची काही चूक नाही, असं होतं कधी कधी."

डॉमनिकने विचारलं, "जगेल?"

"पोटात असेपर्यंत जगेल. बाहेर आल्यावर काही मिनिटं. फार तर काही तास." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गर्भपाताला कायद्याची अडचण नाही. पण दिवस वाढले की तुम्हालाच त्रास वाढतो. या आठवड्यात ठरवून सांगा."

दुसऱ्या दिवशी मी राख लावून घेतली आणि तशीच ऑटोत बसून घरी आले. शेजारी बसलेल्या बाईने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि काही काळं लागलं आहे असं खुणेने सांगितलं. मी पुसलं नाही.

डॉमनिक घरी वाट पाहत होता. त्याने रजा काढली होती. आम्ही दोघं एकाच धर्मग्रामातले, एकाच फादरांनी शिकवलेले. गर्भातलं मूल मारायचं नाही, हे आम्हाला वेगळं कोणी सांगायची गरज नव्हती. पण शिकवलेली गोष्ट आणि खोलीत येऊन बसलेली गोष्ट यांत फरक असतो.

तो म्हणाला, "मी तुला एकच विचारतो. तू हे कोणासाठी करणार? बाळाला काही कळणार नाही. तुला मात्र रोज कळेल."

"ठोके चांगले आहेत म्हणाले ते."

"ते मीही ऐकलं, ॲग्नेस."

"मग मी काय करू? ते चालू असताना बंद करा म्हणून सांगू?"

 तो म्हणाला, "मला भीती बाळाची नाही वाटत. तुझी वाटते." एवढं बोलून तो गच्चीत गेला. त्या आठवड्यात आम्ही तीन-चारदा हेच बोललो, शब्द बदलून. प्रत्येक वेळी तो गच्चीत गेला.

मी आमच्या चर्चच्या फादर बेनेडिक्टना भेटायला गेले. म्हातारे बंगाली धर्मगुरू, माझ्याशी हिंदीत बोलायचे. त्यांच्या खोलीत एक जुना पंखा होता, तो फिरताना दर वेळी एकाच जागी अडखळायचा. मला वाटलं होतं, ते धर्मशिक्षण सांगतील आणि मी मान हलवून घरी येईन. पण तसं झालं नाही.

ते म्हणाले, "ख्रिस्तसभेचं उत्तर तुला माहीत आहे. ते मी बदलू शकत नाही, आणि मला बदलायचंही नाही. पण ते उत्तर पाठ करून सांगणं मला सोपं आहे. पोट माझं नाही." त्यांनी आणखी सांगितलं, "एक लक्षात ठेव. बाळ जन्मल्यावर त्याला नळ्या, यंत्रं लावून ओढून धरायची सक्ती कोणी तुझ्यावर केलेली नाही. जे येईल ते येऊ द्यायचं, जे जाईल ते जाऊ द्यायचं. इतकंच."

मी विचारलं, "आणि बाप्तिस्म्याआधीच गेलं तर?"

हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या आईचा होता. आदल्या दिवशी तिचा वसईहून फोन आला होता. रडणं आवरून तिने पहिली गोष्ट विचारली ती हीच. माझ्या आजीचं एक मूल जन्मताच गेलं होतं. पाणी घालून बाप्तिस्मा द्यायला कोणी नव्हतं. आईच्या लहानपणी तेव्हाच्या फादरांनी त्या मुलाला चर्चच्या पवित्र भूमीत जागा दिली नाही. आजोबांनी ते वाडीच्या बांधाला, केळींच्या पलीकडे पुरलं. क्रूस नाही, नाव नाही. आजी मरेपर्यंत त्या बाजूला पाणी सोडायला जायची आणि दुसऱ्या कोणाला जाऊ द्यायची नाही. आई फोनवर म्हणाली, "ते लिंबोत गेलं म्हणायचे गं. स्वर्गही नाही नि नरकही नाही. नुसतं असायचं, देवाचं तोंड न पाहता. तुझ्या आजीला मी कधी हसताना पाहिलं नाही."

फादर बेनेडिक्टनी हे सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या आजीवर आम्ही अन्याय केला," ते म्हणाले. 'आम्ही' हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. "फार जुन्या काळी आमच्यातले मोठेमोठे संत म्हणाले, की अशा बाळांनाही शिक्षा होते. सौम्य, पण शिक्षाच. पुढच्या लोकांना ते सहन होईना, म्हणून त्यांनी लिंबो काढला. तो कधी श्रद्धेचा भाग नव्हता, पंडितांचा तर्क होता. पण गावोगावच्या बायांना तो तर्क म्हणून कोणी सांगितला नाही. भिंतीबाहेर खड्डे खणून सांगितला. आता आम्ही म्हणतो, देवाच्या दयेवर सोपवा, आशा धरा. हे म्हणायला आम्हाला दीड हजार वर्षं लागली."

"म्हणजे आज तुम्ही जे मला सांगता, तेही उद्या बदलेल?"

पंखा अडखळला, पुन्हा फिरू लागला. ते म्हणाले, "मी त्याच भीतीत म्हातारा झालो आहे. पण एक पाहिलं आहे. आम्ही जेव्हा जेव्हा चुकलो, तेव्हा बाळाकडे आणि आईकडे न बघता चुकलो."

मी घरी आले आणि डॉमनिकला सांगितलं, मी बाळ ठेवणार. त्याने मान हलवली. तो होकार नव्हता. मीही ते धैर्याने ठरवलं असं आज म्हणवत नाही. श्रद्धा होती का, की नाही म्हणण्याची भीती होती, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि आताही दर उपवासकाळात मी हे स्वतःला विचारते.

पुढचे दिवस आठवतात ते माणसांच्या चेहऱ्यांमुळे. पोट दिसायला लागलं आणि अख्खं शहर माझ्याशी गोड वागायला लागलं. बसमध्ये बायका उठून जागा द्यायच्या. मासेवाली माशाचं डोकं बाजूला काढून ठेवायची, म्हणायची, "खा बौदी, बाळाचा मेंदू तल्लख होतो." मी ते घ्यायचे, पैसे द्यायचे, आणि घरी येऊन पिशवी न उघडता मोलकरणीला द्यायचे. कितवा महिना, पहिलं का, नाव ठरवलं का, असं सगळे विचारायचे आणि मी सगळ्यांना खोटं सांगायचे. नाव तर आम्ही ठरवलंच नव्हतं. घरात आम्ही त्याला बाळसुद्धा म्हणत नव्हतो. 'ते' म्हणायचो.

आणि ते हलायचं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते निपचित असेल. पण दुपारी वर्कशॉपमधली करवत सुरू झाली, की ते आत जोरात लाथ मारायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या नुसत्या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत, त्याला काही जाणवत नाही. मी बरं म्हटलं. पण लाथ मला जाणवत होती. मला लाथेची भीती वाटायची, आणि ती दोन तास आली नाही तर त्याचीही वाटायची.

उपवासकाळ पुढे सरकला. चर्चमध्ये शेवटच्या आठवड्यांत पुतळे आणि क्रूस जांभळ्या कापडांनी झाकतात. लहानपणी मला त्यात मजा वाटायची, कोणता संत कोणत्या कापडाखाली आहे हे ओळखायची. त्या वर्षी मात्र मला वाटायचं, कापडाखाली काय आहे ते कापड काढल्याशिवाय कळणार नाही, आणि ते काढायची माझी छाती होणार नाही. शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला मी मागच्या बाकावर बसायचे. क्रूस वाहणारा ख्रिस्त त्याच्या आईला वाटेत भेटतो, त्या ठिकाणी सगळे गुडघे टेकायचे. मी बसूनच राहायचे. पोट इतकं मोठं झालं होतं की गुडघे टेकणं जमत नव्हतं. अशा बाळाच्या भोवती पाणी जास्त साठतं म्हणे. सहाव्या महिन्यातच मी नवव्या महिन्यातली दिसू लागले होते.

कुमुदताई रोज संध्याकाळी यायच्या, रक्तदाब बघायच्या, पायाची सूज दाबून बघायच्या. माझा निर्णय त्यांना मुळीच पसंत नव्हता आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"मी तुझ्या जागी असते तर त्याच आठवड्यात मोकळी झाले असते," त्या एकदा म्हणाल्या. "मी तीस वर्षं बाळंतपणं केली. देव म्हणतो म्हणून बाई मेलेली मी पाहिली आहे, आणि देव म्हणतो म्हणून वाचलेली एकही पाहिली नाही."

मी म्हटलं, "मग येता कशाला रोज?"

"तू चुकतेयस म्हणून तुला एकटी सोडू का?" असं म्हणून त्यांनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. "मीठ कमी खा."

ईस्टर आला. घंटा वाजल्या, पुतळ्यांवरची कापडं निघाली, मेणबत्त्या एकीवरून दुसरी पेटत गेल्या आणि चर्च उजळलं. लोक एकमेकांना आनंदाच्या शुभेच्छा देत होते. माझ्या हातातली मेणबत्ती डॉमनिकने पेटवली, पण माझ्याकडे न बघता. त्या वर्षी माझा उपवासकाळ ईस्टरला संपला नाही. मी आणखी पाच आठवडे राखेतच होते.

मे महिन्यात कोलकात्यात दिवसभर उकडतं आणि दुपारी कधीतरी वायव्येकडून आभाळ काळं होतं. लोक काळबैशाखीची, म्हणजे वळवाच्या वादळाची, वाट पाहतात, कारण ती आली की गारवा येतो. मी ती येऊ नये म्हणून प्रार्थना करत होते, का ते मला सांगता येणार नाही. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास करवत अचानक बंद झाली, वीज गेली होती. मी खिडकीशी गेले. एकही पान हलत नव्हतं. कावळे मात्र सगळे एका दिशेने उडत चालले होते. आणि मला पायांवर ऊन पाणी जाणवलं.

डॉमनिक हावड्याच्या शाखेत होता. मी त्याला फोन केला आणि मग कुमुदताईंना. त्या दहा मिनिटांत टॅक्सी घेऊन खाली उभ्या होत्या. वाटेत वादळ सुटलं. धूळ इतकी, की चालकाने दिवे लावले. एका दुकानाचा पत्रा आमच्या पुढून रस्ता ओलांडून गेला. कुमुदताईंनी माझा हात धरला होता आणि त्या फक्त श्वास मोजत होत्या.

नर्सिंग होममध्ये पोचलो तेव्हा डॉमनिकचा फोन आला. पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. "नदीतल्या लॉन्च बंद केल्या आहेत. पुलावर काहीच हलत नाही. मी चालत निघतो," तो म्हणाला. मग फोन तुटला. फादर बेनेडिक्टनाही कळवलं. त्यांच्या रस्त्यावर झाड पडलं होतं.

एकतिसावा आठवडा होता. तासाभरात ती जन्मली. जनरेटरच्या पिवळ्या उजेडात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलगी." ती रडली नाही. मांजराच्या पिल्लासारखा एक आवाज तिने केला. मग माझा रक्तस्राव थांबेना आणि डॉक्टरीणबाई, दोन्ही नर्सेस, सगळ्या माझ्याकडे धावल्या. मला थंडी वाजत होती. हात इतके कापत होते की मी ते उचलू शकत नव्हते. कुमुदताईंनी बाळाला टॉवेलात गुंडाळलं, डोक्यावर मऊ टोपी चढवली आणि माझ्या उशाशी येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "फादर?"

"नाही पोचायचे," त्या म्हणाल्या. त्यांनी बाळाच्या छातीवर दोन बोटं ठेवली होती. "ॲग्नेस, ऐक. आमच्या रुग्णालयात सिस्टरांनी सगळ्या नर्सेसना शिकवलं होतं. अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं. ख्रिस्ती नसलं तरी चालतं, मनात तुमची ख्रिस्तसभा करते तेच करायचं असलं म्हणजे झालं. मी कधी दिला नाही. मी म्हणायची, माझं काम बाळ जगवायचं, ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "देऊ का?"

मी मान हलवली.

त्यांनी पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली. झाकण दातांनी उघडलं, कारण दुसरा हात बाळाखाली होता. मग माझ्याकडे वाकून विचारलं, "नाव काय?"

अकरा आठवडे मी ज्या प्रश्नावर खोटं बोलत होते, त्याला त्या वेळी उत्तर हवं होतं. बाहेर खिडकीची तावदानं थरथरत होती. मी म्हटलं, "रीता." का ते माहीत नाही. त्या नावाचं आमच्या घरात कोणी नाही.

कुमुदताईंनी टोपी थोडी मागे सरकवली. कपाळ होतं तेवढ्यावर तीनदा पाणी घातलं. पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, मराठीत, अगदी स्पष्ट उच्चारांत, शाळेत उभं राहून म्हणतात तसं. एकही शब्द चुकला नाही. मग त्यांनी रीताला माझ्या गालाशी आणलं. मी तिचा चेहरा पाहिला. ज्याची तीन महिने धास्ती घेतली होती, तो एक लहान, दमलेला चेहरा होता. डोळे मोठे होते. हनुवटी डॉमनिकची होती.

ती चाळीस मिनिटं होती. मी तेवढा वेळ शुद्धीवर होते, हे मी नशीब समजते. शेवटी शेवटी तिचा श्वास इतका विरळ झाला की कुमुदताई प्रत्येक श्वासानंतर मान हलवून मला आहे असं सांगायच्या. मग एकदा त्यांनी मान हलवली नाही.

डॉमनिक पुढे तासाभराने आला. पूल चालत ओलांडून, चिंब भिजून, एका पायात चप्पल नसलेला. त्याने तिला हातात घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. वादळ तोवर ओसरलं होतं आणि सगळ्या शहराला ओल्या मातीचा वास येत होता. तो वास सगळ्यांना आवडतो. आमच्या घरात तेव्हापासून तो वास आला की खिडक्या लावतात.

रीताला आम्ही पवित्र भूमीत पुरलं, भिंतीच्या आत, इतरांच्या ओळीत. आई वसईहून आली होती. ती क्रुसावरचं नाव बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत राहिली. फादर बेनेडिक्टनी मिस्साची प्रार्थना केली, प्रवचन केलं नाही. त्या रात्री डॉमनिक मला म्हणाला, "तुझा निर्णय बरोबर होता का, हे मला कधी विचारू नकोस. मी तिला जिवंत पाहिली नाही, एवढंच मला माहीत आहे." मी विचारलं नाही. तो वर्षभर चर्चला आला नाही. आता येतो, पण दाराजवळ उभा राहतो. दुसरं मूल आम्हाला झालं नाही.

फादर बेनेडिक्ट निवृत्त झाले आणि नवे, तरुण फादर आले. त्यांना कुठून तरी आमची हकीकत कळली. एका रविवारी त्यांनी ती प्रवचनात सांगितली, नाव न घेता. त्यात आईने हसत हसत क्रूस उचलला होता, आणि बाळ जाताना आईकडे पाहून हसलं होतं. रक्तस्राव नव्हता. पुलावरून चालत येणारा बाप नव्हता. बाप्तिस्मा देणारी गणपती पुजणारी बाई तर नव्हतीच. लोकांनी डोळे पुसले. मला मात्र वाटलं, ख्रिस्तसभेचा इतिहास असाच तयार होत आला असेल. एखाद्या बाईचं खरं दुःख घ्यायचं, त्यातलं अडचणीचं तेवढं काढून टाकायचं, आणि उरलेलं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर द्यायचं.

ती दुसरी बाई यंदा आली. राख लावली त्याच्या पुढच्या आठवड्यात दाराची घंटा वाजली. बाहेर आमच्याच चर्चमधली मौमिता उभी होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, डमडमहून लग्न होऊन इकडे आलेली. हातात सोनोग्राफीचा लिफाफा होता. तिने तो उघडायच्या आधीच मला कळलं.

"फादर म्हणाले, तुम्हाला भेट. तुम्ही सांगाल," ती म्हणाली. "तुम्ही हसत हसत केलंत म्हणे."

मी तिला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. लाथा, मासेवाली, खोटं बोलणं, रक्त, थंडी, चाळीस मिनिटं. हेही सांगितलं, की त्या चाळीस मिनिटांच्या बदल्यात मला कोणी काहीही दिलं तरी मी ती देणार नाही. आणि हेही, की त्यांची किंमत मी एकटीने दिलेली नाही. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मी काय करू?"

"ते मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुला जे शिकवलंय तेच मला शिकवलंय, आणि मी आजही ते खरं मानते. पण मी तुला उदाहरण म्हणून उपयोगी नाही, मौमिता. तू ठेव, नाहीतर ठेवू नकोस. दोन्ही वेळा मी येईन."

तिने ठेवलं नाही. दोन आठवड्यांनी तिच्या नवऱ्याने फोन करून सांगितलं आणि मी डबा घेऊन गेले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मला म्हणाली, "मी पापनिवेदनाला जाऊ शकत नाही. फादर विचारतील, पश्चात्ताप होतो का. मला नुसतं दुःख होतंय. ते चालतं का?"  मी तिचे पाय चेपत बसले. घरी येताना मला भीती वाटत होती, की मी एका जिवाच्या बाबतीत गप्प राहिले. बोलले असते तरी भीतीच वाटली असती. ही भीती आता माझ्याबरोबरच राहणार, हे मी धरून चालते.

मागच्या रविवारी ती चर्चला आली. तिच्या नवऱ्याने सांगितलं असावं किंवा कोणी पाहिलं असावं, पण लोकांना कळलं होतं. ती बसली त्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. मी जाऊन तिच्या शेजारी बसले. ख्रिस्तशरीर घ्यायची वेळ झाली. एकेक बाक उठून रांगेत गेला. पापनिवेदन न करता ते घेता येत नाही, म्हणून मौमिता उठली नाही. तिने डोकं खाली घातलं होतं आणि ओढणीचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. नवे फादर हातात पवित्र भाकर घेऊन वेदीपुढे उभे होते. त्यांनी आमच्या बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी येईन म्हणून क्षणभर थांबले.

मी जागची हलले नाही. रांग माझ्या खांद्याला घासून पुढे जात राहिली.